भोंगा लिहायला बसला

माझ्या सासऱ्यांना त्यांच्या कंपनीत सगळे भोंगा म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. लिफ्ट दुरुस्त करणारी कंपनी, आणि हे तिथे सदतीस वर्षं काम केलेले मेकॅनिक. नवव्या मजल्यावरच्या मोटरच्या खोलीतून त्यांनी आवाज दिला की तळाच्या खड्ड्यात बसलेल्या माणसाला तो कानाशी बोलल्यासारखा ऐकू जायचा, असं त्यांच्या बरोबरचे लोक सांगतात. मला ते अगदी खरं वाटतं. लग्न होऊन या घरात आले त्याच्या पहिल्याच सकाळी "चहा झाला का?" एवढ्या तीन शब्दांनी मी अंथरुणात ताडकन उठून बसले होते. मला वाटलं, घराला आग लागली.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज मात्र गेला. आता ते बोलतात तेव्हा शब्दांऐवजी नुसती हवा येते, आणि ती हवा पकडायला आपल्याला त्यांच्या तोंडापाशी कान न्यावा लागतो. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, आयुष्यभर "अहो, हळू बोला, शेजारी ऐकतात" हे वाक्य दिवसातून दहादा म्हटलं. आता "अहो, जरा मोठ्यानं" असं त्या एकदाही म्हणत नाहीत. उठतात आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसतात. मला कुणी प्रेम म्हणजे काय विचारलं तर मी हेच सांगेन, पण मला कुणी विचारत नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. नवरा महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. त्यामुळे बाबांच्या कुठल्याही उद्योगात हाताशी सापडणारं माणूस म्हणजे मी. ऑपरेशननंतर वर्षभर ते नुसते खिडकीत बसून होते. समोरच्या इमारतीची लिफ्ट कितव्या मजल्यावर अडखळते ते मोजत. मग एके दिवशी कंपनीच्या साहेबांचा निरोप आला की नवीन अकरा जणांची तुकडी भरती होते आहे, त्यांना शिकवायला या. बाबांनी कागदावर लिहून कळवलं, आवाज नाही. साहेबांनी उलट कळवलं, मग लिहून द्या. पुस्तिका छापू.

त्या दिवशी बाबांनी दाढी केली.

दीड महिना ते जेवणाच्या टेबलावर लिहीत होते. अडतीस पानं झाली. मी ती टाईप करून पाठवली, आणि चौथ्या दिवशी साहेबांचं उत्तर आलं. साहेब माणूस चांगला, पण आडपडदा न ठेवणारा. "माहिती सोन्यासारखी आहे, पण भाषा वायरच्या गुंत्यासारखी. वाचणाऱ्याला टोक सापडत नाही. कुणाकडून तरी नीट करून घ्या. तुकडी पंचवीस दिवसांनी सुरू होते. तोवर झाली नाही तर यंत्राबरोबर आलेली छापील पुस्तिका देऊ."

ती छापील पुस्तिका मी पाहिली आहे. "प्रचालकाने उद्वाहकाच्या स्थितीची सुनिश्चिती करावी" अशी तिची सुरुवात आहे. ती वाचून एकही माणूस एकही स्क्रू पिळू शकणार नाही. बाबांनी त्या संध्याकाळी अडतीस पानं पुन्हा पहिल्यापासून वाचून काढली. झोपायला जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सूनबाई, ते लोक खड्ड्यात उतरणार आहेत गं."

म्हणून मी त्यांना फोनवर व्याकरण आणि संपादन शिकवणारे गट शोधून द्यायचं ठरवलं. असे गट ढिगानं आहेत, हे मला माहीत होतं. त्यातला कामाचा निवडणं किती डोकेदुखीचं आहे, हे माहीत नव्हतं.

पहिला गट चार हजार लोकांचा. आम्ही पुस्तिकेतला एक परिच्छेद टाकला आणि लिहिलं, "हे सोपं करायला मदत हवी आहे." तासाभरात त्रेसष्ट उत्तरं. बाबांचा चेहरा असा फुलला की मी चहा टाकला. मग आम्ही वाचायला लागलो. पहिल्या शब्दावरच्या अनुस्वारावरून दोन गृहस्थांची जुंपली होती. एकानं दुसऱ्याची पदवी विचारली, दुसऱ्यानं पहिल्याचं वय काढलं. तिसऱ्यानं "हल्ली कुणीही उठतं आणि लिहितं" असं म्हणून आमची बोळवण केली. त्रेसष्ट माणसांपैकी एकही जण दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचला नव्हता. माझं डोकं फिरलं आणि मी तिथे चांगलं खरमरीत उत्तर लिहायला घेतलं. बाबांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. "वीज बंद कर," ते म्हणाले. मी फोन बंद केला.

दुसरा गट याच्या अगदी उलट. तिथे सगळे एकमेकांना फुलं देत. आमच्या परिच्छेदाखाली "अप्रतिम काका!", "काय लिहिलंय!", "डोळ्यांत पाणी आलं" असं पन्नासेक लोकांनी लिहिलं. लिफ्टच्या दोरांना ग्रीस कसं लावावं हे वाचून कुणाच्या डोळ्यांत पाणी कसं येईल हे मला कळेना. पण बाबा खूश होते. दोन दिवस तर त्यांनी आईंना सगळी उत्तरं ओठ हलवून वाचून दाखवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून आणखी एक परिच्छेद टाकून घेतला. त्यात मध्येच एक वाक्य होतं, "यानंतर लिफ्ट चालू ठेवून आपले डोके तिच्याखाली घालावे."

"बाबा, हे काय?"

त्यांनी हातानं खूण केली, टाक.

तासाभरानं पहिलं उत्तर आलं, "खूप उपयुक्त माहिती, काका! नक्की करून बघणार." खाली आठ फुलं. बाबा खुर्चीत मागे रेलले आणि त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. आवाज नसलेला माणूस हसतो तेव्हा पोटातून सगळा हलतो. हसणं ओसरल्यावर मात्र ते म्हणाले, "हे बरे लोक आहेत. पण कामाचे नाहीत." मी ते वाक्य लगेच काढून टाकलं, न जाणो कुणी खरंच करून बघायचं.

पंचवीसपैकी नऊ दिवस असेच गेले.

तिसरा गट मला दुकानातल्या एका गिऱ्हाइकामुळे मिळाला. जाड भिंगांच्या त्या बाई भाषांतराचं काम करतात. भिंगं बसवून होईपर्यंत मी आमचं रडगाणं गायलं. त्या म्हणाल्या, "दुसरा डोळा नावाचा एक गट आहे. लहान आहे, दीडशे माणसंसुद्धा नसतील. पण तिथले नियम कडक आहेत हं."

नियम दोनच होते. पहिला, आपलं लिखाण टाकण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी लिखाणाला मदत करायची. दुसरा, सुचवण्या देण्यापूर्वी त्या परिच्छेदातून आपल्याला काय समजलं ते आपल्या शब्दांत लिहायचं आणि शेवटी विचारायचं, "बरोबर?" मूळ लिहिणाऱ्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय एका शब्दालाही हात लावायचा नाही.

हा दुसरा नियम मी वाचून दाखवला तेव्हा बाबांनी मला तो परत वाचायला लावला. मग तिसऱ्यांदा. मग फोन माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला.

"हे आपलेच लोक आहेत," ते म्हणाले.

मला तेव्हा त्याचा अर्थ अर्धाच कळला. बाबांच्या कंपनीत एक पद्धत होती, तिला सगळे भोंग्याचा पाढा म्हणत. वरच्या माणसानं काही सांगितलं की खालच्यानं तेच शब्द ओरडून परत म्हणायचे, आणि खालच्यानं सांगितलं की वरच्यानं. आपलं वाक्य आपल्याकडे परत आल्याशिवाय स्विचला बोट लावायचं नाही. ही पद्धत बाबांनी पाडलेली. नवे लोक कंटाळायचे, तोंडं वाकडी करायचे, पण भोंग्यासमोर बोलणार कोण? ही त्यांची एक खोड आहे, असं घरात आम्हीही समजत होतो.

पहिल्या नियमाप्रमाणे बाबांना आधी दुसऱ्याला मदत करायची होती. गटात एका व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं पाठदुखीच्या व्यायामाचं पान टाकलं होतं. बाबांनी काय करावं? जमिनीवर सतरंजी टाकली आणि एकेक वाक्य वाचून तसं तसं करायला लागले. आई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, या वयात हे काय भलतंच?" पाचव्या वाक्यानंतर त्यांना उठता येईना. मी आणि आईंनी त्यांना दोन बाजूंनी धरून उभं केलं. मग एका बोटानं टाईप करत त्यांनी लिहिलं, "मला समजलं ते असं: उजवा पाय वर घ्यावा, मग डावा त्याच्यावर ठेवावा, मग वळावे. मी केले. डावा पाय अडकला. वळण्याआधी पाय खाली घ्यायचे राहिले आहे का? बरोबर?" ती मुलगी म्हणाली, "अय्या, हो की! काका, तुम्ही खरंच केलंत?" गटातल्या लोकांना बाबा तिथूनच आवडायला लागले.

त्यांच्या पुस्तिकेला हात घातला तो लाल शाई या नावानं लिहिणाऱ्या बाईंनी. खरं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. एका पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली एवढंच कळलं. बाई कडक, पण मनानं सरळ. रोज सकाळी दहा पानं घ्यायच्या, "मला समजलं ते असं" म्हणून सुरू करायच्या, आणि बाबा "बरोबर" म्हणाले की लांबलचक वाक्यं मोडून त्यांची छोटी करायच्या. बाबांची वाक्यं पंधरा पंधरा ओळींची असायची, कारण ते बोलताना कधी थांबलेच नव्हते. बाईंनी त्यांना थांबायला शिकवलं. बाबा त्यांना ताई म्हणत; ताईंचं उत्तर आलं का, हे विचारत ते सकाळी माझ्या आधी उठायला लागले. आई एकदा मला म्हणाल्या, "या ताईंचं वय काय असेल गं?" आणि मी हसल्यावर, "सहज विचारलं," असं म्हणून भांडी आवरायला गेल्या.

आणि मग एका सकाळी ताईंनी अख्खी पुस्तिका तपासून पाठवली. अडतीस पानांची एकवीस झाली होती.

बाबांनी ती खिडकीत बसून वाचली. अर्ध्यावर ते थांबले आणि मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून काहीतरी शोधायला लागले. मी दुकानात जायच्या गडबडीत होते, तरी थांबले. पाढ्याच्या सगळ्या ओळी ताईंनी काढल्या होत्या. "वरच्याने म्हणावे, वीज बंद केली. खालच्याने म्हणावे, वीज बंद केली." अशा जोड्या बाबांनी पानोपानी लिहिल्या होत्या. पंचेचाळीस ठिकाणी. ताईंनी एकदाच "खालचा माणूस तयार असल्याची खात्री करावी" असं लिहून बाकी सगळं उडवलं होतं. एखाद्या संपादकानं केलं असतं तेच. खरं सांगू? मलाही ते वाचायला बरं वाटलं.

बाबांनी मला विचारलंसुद्धा नाही. एका बोटानं, प्रत्येक अक्षर ठोकत लिहिलं, "ताई, आपण माझा माणूस मारलात."

आता हा गटही गेला, असं मी धरून चालले. अकरा दिवस उरले होते. पण ताई पहिल्या गटातल्या गृहस्थांसारख्या नव्हत्या. त्यांनी लिहिलं, "मला समजलं ते असं: मी काढलेल्या ओळींमुळे कुणाचा तरी जीव जाऊ शकतो. पण कसा, ते मला समजलेलं नाही. मी चुकत असेन. माझी एकवीस पानं घरातल्या एखाद्या कामाला लावून पाहाल का? दोन माणसं, एकमेकांना न दिसणारी. काय होतं ते कळवा."

रविवारी आम्ही प्रयोग केला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत गाळ साचून तिचा पाईप तुंबला होता, तो साफ करायला आई वर गेल्या. मी खाली मागच्या दाराशी, पंपाच्या स्विचपाशी, हातात ताईंची एकवीस पानं घेऊन. बाबा स्टूल टाकून शेजारी. त्यांना मधे पडायची बंदी.

थोड्या वेळानं मी ओरडले, "आई, पंप चालू करते!"

वरून काही नाही.

पान पाहिलं. खालचा माणूस, म्हणजे आमच्या बाबतीत वरचा, तयार असल्याची खात्री करावी. मी परत ओरडले, "करते हं!" परत काही नाही. आता खात्री कशी करायची? दोन मिनिटांपूर्वीच आई "झालंच आहे" म्हणाल्या होत्या. त्यांना नको असतं तर त्या नाही म्हणाल्या नसत्या का? नाही म्हणायला आमच्या आई कधी मागेपुढे पाहत नाहीत. मी स्विच दाबला.

वरून जी किंकाळी आली ती मात्र मला व्यवस्थित ऐकू आली.

आई जिन्यावरून खाली आल्या तेव्हा डोक्यापासून कमरेपर्यंत गाळानं माखल्या होत्या, आणि केसांतून पाणी गळत होतं. "अगं माझं डोकं टाकीत होतं! डोकं टाकीत असताना मी काय ओ देणार, कपाळ?" बाबांचे खांदे हलायला लागले. मीही हसू दाबत होते. आई आधी रागावल्या, मग त्यांनाही हसू फुटलं, आणि आम्ही तिघं मागच्या दारात वेड्यासारखे हसत उभे राहिलो. मग माझं लक्ष गेलं. बाबा हसायचे थांबले होते. ते पंपाच्या स्विचकडे बघत होते. उठले आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी फोन उघडला. गटावर बाबांनी लिहिलं होतं. त्यांची आधीची पंधरा ओळींची वाक्यं त्यात कुठेच नव्हती.

"ताई, काल माझी बायको भिजली. बावीस वर्षांपूर्वी माझ्या जोडीदाराचा पाय अधू झाला. तो लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून काम करत होता. मी वर मोटरपाशी. मी ओरडलो, हातभर वर घेतो. उत्तर आले नाही. परत ओरडलो. उत्तर आले नाही. मी धरून चाललो की हो म्हणतो आहे. त्याचा डावा पाय लिफ्ट आणि तुळई यांच्या मध्ये होता. चौकशीत त्याने सांगितले, ब्रेक घसरला. मला वाचवण्यासाठी तसे सांगितले. मी गप्प बसलो. घरीही तेच सांगितले. नंतर मी पाढा सुरू केला. का सुरू केला हे कुणाला सांगितले नाही. एवढेच."

मी समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघत बसले. सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा मला दिसेना.

बाबांचे ते जोडीदार, आमचे जोडीदार काका, आमच्याकडे दर रविवारी कॅरम खेळायला येतात. डाव्या पायानं लंगडतात, सोंगटी चुकली की बोर्डाला शिव्या देतात, आणि जाताना बाबांच्या पाठीत धपाटा घालतात. माझ्या लग्नाच्या आधीपासून त्यांचा तो नेम आहे. म्हणजे बावीस वर्षं, दर रविवारी, बाबा त्यांच्या पायासमोर बसत होते.

ताईंचं उत्तर संध्याकाळी आलं. "मला समजलं ते असं: तुम्ही दोनदा विचारलंत. उत्तर आलं नाही. तुम्ही ते होकार धरलंत. त्या शांततेला पुन्हा कुणी होकार धरू नये म्हणून तुम्ही सगळ्यांना परत बोलायला लावलंत. बरोबर?"

बाबांनी लिहिलं, "बरोबर."

"मग काढलेल्या पंचेचाळीसच्या पंचेचाळीस जोड्या मी परत घालते. चूक माझी होती. आणि तुम्ही आत्ता जे लिहिलंत ते पुस्तिकेचं पहिलं पान आहे. कारण कळलं तर माणसं नियम पाळतात. फक्त एक सांगते. पाय ज्यांचा आहे त्यांना विचारल्याशिवाय छापू नका."

तो आठवडा आमच्या घरात फार जड गेला. बाबा जेवेनात. मला म्हणाले, "पान काढून टाकू. त्याला कशाला सांगायचं?" थोड्या वेळानं म्हणाले, "नाही, राहू दे." मी म्हटलं, "बाबा, काका तुम्हाला सोडून जाणार नाहीत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ताटं उचलून आत गेले. एका मित्राशिवाय त्यांना दुसरा मित्र नव्हता, आणि त्याच्यासमोर ओरडून माफी मागायला आवाजही नव्हता.

रविवारी काका आले. कॅरम मांडायच्या आधीच बाबांनी पहिलं पान त्यांच्यासमोर ठेवलं. आई स्वयंपाकघराच्या दारात, मी पडद्याआड. लपून ऐकणं वाईट, पण काही वेळा इलाज नसतो.

काकांनी चष्मा काढला, पुसला, लावला. पान वाचलं. परत वाचलं. मग बाबांकडे न बघता म्हणाले, "भोंग्या, माझ्या तोंडात स्क्रू होते."

बाबांनी मान वर केली.

"चार स्क्रू. ओठांत धरले होते. तू मला शंभर वेळा सांगितलं होतंस, अरे तोंडात स्क्रू धरू नकोस म्हणून. तू पहिल्यांदा ओरडलास ते मला ऐकू आलं. दुसऱ्यांदाही आलं. म्हटलं, हा शेवटचा पिळतो आणि मग थांब म्हणतो. कोण काढून ठेवतंय चार स्क्रू! पाय सापडला तसा ओरडलो, आणि तीन खड्ड्यात पडले. चौथा मी गिळला की काय, या भीतीनं दवाखान्यात दोन दिवस पायाचं दुखणं विसरलो होतो."

"तू... ब्रेक म्हणालास," बाबांची हवा जेमतेम फुटली.

"मग काय सांगू? तोंडात स्क्रू होते? माझी नोकरी गेली असती! मला वाटलं, तुला सगळं माहीत आहे आणि तू मला सांभाळून घेतो आहेस. इतकी वर्षं मी म्हणतोय, भोंग्यानं एका शब्दानं माझी चूक काढली नाही. आणि तू मेल्या..." काकांचा आवाज चिरकला. त्यांनी डब्यातली एक सोंगटी उचलून उगाच बाबांच्या अंगावर फेकली. बाबांनी ती पकडली नाही. ते दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होते, आणि त्याचाही आवाज येत नव्हता.

आई पदर डोळ्यांना लावत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दोघं सारखेच शहाणे." मग चहा झाला. काकांनी पेन मागितलं आणि पहिल्या पानाच्या तळाशी स्वतःच्या हातानं लिहिलं, "तोंडात स्क्रू धरू नये. तोंड उत्तर द्यायला मोकळं ठेवावं." ताईंनी त्या ओळीला हात लावला नाही.

पुस्तिका छापून आली ती पस्तीस पानांची. साहेबांनी पहिलं पान वाचलं, बाबांकडे आणि काकांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि म्हणाले, "बावीस वर्षांपूर्वीच्या ब्रेकची चौकशी आता कोण करणार? द्या वाटून."

तुकडीच्या पहिल्या दिवशी मी रजा टाकून बाबांबरोबर गेले. कंपनीच्या मागच्या आवारात शिकवण्यासाठी उभारलेली चार मजली लिफ्ट आहे. जोडीदार काका लंगडत वर मोटरपाशी गेले. खाली तळमजल्यावर उघड्या दारापाशी बाबा, आणि त्यांच्याभोवती पुस्तिका घेतलेली अकरा माणसं. त्यात पूर्वी वायरिंगची कामं केलेली, तिशीतली एक बाई होती. साहेब बाजूला उभे.

वरून काकांचा आवाज आला, "हातभर वर घेतो!"

बाबांनी मान वर केली, छाती भरून घेतली, आणि म्हणाले, "हातभर वर घे." म्हणजे त्यांचे ओठ म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या मलाही नुसती फुंकर ऐकू आली.

लिफ्ट जागची हलली नाही.

काका परत ओरडले. बाबांनी परत उत्तर दिलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, तरी हवा पहिल्या मजल्यापर्यंतही गेली नसेल. लिफ्ट जागच्या जागी. एक मिनिट गेलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. कुणीतरी खोकलं. वर काका बसले होते, बोट स्विचपासून लांब ठेवून, आणि ते दिवसभर तसेच बसून राहिले असते याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. बावीस वर्षांपूर्वी लिफ्टच्या पोकळीत अशीच शांतता झाली होती. या वेळी तिला कुणी होकार धरत नव्हतं.

मग त्या वायरिंगवाल्या बाईनं पुस्तिका काखेत धरली, बाबांच्या ओठांकडे नीट पाहिलं, दारातून आत वाकली न वाकली अशी उभी राहून मान वर केली आणि ओरडली, "हातभर वर घे!"

लिफ्ट बरोबर हातभर वर गेली आणि थांबली.

बाबांनी खिशातून रुमाल काढला. त्या बाईच्या पाठीवर थोपटलं. आणि दुसरं पान उघडायची खूण केली.

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता ते फोन घेऊन बसले. दोन शब्द लिहायला त्यांना दोन मिनिटं लागली. "ताई, पोचली."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "मला समजलं ते असं: पोचली. बरोबर?"

बाबांनी एका बोटानं लिहिलं, "बरोबर."